डिकेमालीची पाच रोपे

डिकेमाली हे नाव आमच्या नाशकात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते काष्ठौषधीच्या दुकानापुरते. पिवळट, चिकट डिंकाचा खडा; वास असा की पुडी घरात नको वाटते. पोरांना जंत झाले की उगाळून पाजायचा. हा डिंक ज्या झुडपाच्या कोंबांवर येतो त्याला चैत्राच्या तोंडाशी शुभ्र फुले लागतात, ती दुसऱ्या दिवशी हळदीसारखी पिवळी होतात, आणि डिंकाला नाक मुरडणारा माणूस त्या फुलांच्या वासाने जागच्या जागी थांबतो, हे मी सांगू लागलो की ऐकणाऱ्यांना ती थाप वाटे. खरे तर तोवर मीही ते झुडूप पाहिले नव्हते.

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात मातीत हात घालतो. माझा एक मित्र जमीनमोजणीच्या कामावर वऱ्हाडात होता. त्याने केनवडच्या अलीकडच्या एका खेड्यातून एक वाळलेले फूल आणि मूठभर बिया पाठवल्या. दोन वर्षे मी त्या चांगल्या काळ्या मातीत, शेणखत घालून लावल्या. दोन्ही वर्षी कोंब आले, दोन पानांवर आले आणि माना टाकून मेले. शेवटी ज्याच्या वाडीत ते झुडूप होते त्या उकंडाजी माळ्याला मित्राकरवी निरोप धाडला, की मला रोपे करून द्याल का. उत्तर आले, "फाल्गुनात या. पाच तयार ठेवतो."

मी रजा काढली आणि निघालो. जे पाहायला गेलो ते पाहिले, पण त्या सात-आठ दिवसांत माझ्या मनात फुलांपेक्षा भीतीच जास्त होती, हे आधीच सांगून टाकतो.

पातूर, मेडशी, मालेगाव

अकोल्याला आगगाडीतून उतरलो आणि एक दमणी ठरवली. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी, वेगाने पळणारी गाडी. गाडीवान राघोजी बोलका होता. पातूरच्या घाटात दोन्ही बाजूंना पळस पेटल्यासारखा फुलला होता आणि माझ्या वहीत रंगाचे डाग पडत होते. मेडशीजवळ आंब्याखाली राघोजीने गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले. कणकेचा गोळा थेट निखाऱ्यात टाकायचा, राख झटकायची, फोडून त्यात तूप सोडायचे. आमच्याकडे असे कुणी वाढले तर पाहुणा उठून जाईल. मी तीन खाल्ले. वांग्याच्या भाजीने डोळ्यांतून पाणी आले तेव्हा राघोजी म्हणाला, "तुमच्याकडं मिरच्या पिकत नाईत काय, मास्तर?"

मालेगावला बैलांना पाणी पाजायला थांबलो. राघोजी पाण्यावरून परत आला तो चेहरा उतरलेला.

"मास्तर, तिकडं गाठी सुरू झाल्या म्हंते. गावच्या गाव वावरात जाऊन राह्यलं."

"कोणत्या गावाला?"

"तुमी जाऊन राह्यले त्याच गावाले."

गाठी म्हणजे गाठीचा ताप. वाचकांपैकी बहुतेकांनी तो आपापल्या गावी पाहिला असेल. मी माझ्या घरात पाहिला आहे. चार वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू त्यात गेले. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते चार दिवस अंथरुणावर होते आणि त्या चार दिवसांत मी त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. वहिनी आत होत्या. मी अंगणात उभा राहून "काही हवं का?" एवढे विचारत होतो. दादांनी एकदा मला हाक मारली. मी ऐकू न आल्यासारखे केले.

म्हणून मालेगावहूनच परत फिरावे असे वाटले. पण मनाची समजूत घातली, की गाव मोकळे करून लोक वावरात आहेत, म्हणजे रोग गावात आणि माणसे बाहेर. रोपे घ्यायची आणि वळायचे.

राघोजी मात्र ठाम होता. "नाल्यापोतर सोडतो. नाल्याच्या पलीकडं माहे बैल जानार नाईत. तिसऱ्या दिवशी सकाळी याच जागी येतो. तुमी दिसले नाई तं मी थांबत नाई."

नाल्यापलीकडे

नाला कोरडा होता. पलीकडच्या वावरांत तुराट्या-पऱ्हाट्यांची साठ-सत्तर खोपटी उभी होती. मधोमध चुली, बाजा, बांधलेली गुरे. दुरून जत्रा वाटावी. पण आवाज नव्हता. मी बांध ओलांडताच एक माणूस काठी आडवी धरून ओरडला, "तिथंच उभे राहा!" ते गावचे पाटील होते. कुठून आलो, वाटेत कुणाकडे उतरलो, अंगात कणकण आहे का, हे सगळे त्यांनी वीस पावलांवरून विचारले. मग मला एका निंबाखाली वेगळे बसवले.

थोड्या वेळाने पंचविशीतली एक बाई कडेवर तान्हे मूल घेऊन आली. पळसाच्या पानावर ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी होती. ते तिने जमिनीवर ठेवले, दहा पावले मागे गेली आणि उभी राहिली. ही उकंडाजींची सून गिरजा. तिचा नवरा कारंज्याला कापसाच्या जिनात कामाला होता आणि रोगाच्या बंदोबस्तामुळे त्याला परत येता येत नव्हते.

"तेच न तुमी, रोपावाले?" ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या झाडापायी आमचे मामाजी रोज मराले जाऊन राह्यले. तुमाले माहीत हाये का?"

मला काही कळेना. तेवढ्यात उकंडाजी आले. साठीचा, उन्हाने काळवंडलेला, काटक म्हातारा. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मळकट पागोटे. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. गिरजाचे बोलणे त्यांनी हाताने उडवून लावले.

"काई नाई हो, मास्तर. पाटलाचा हुकूम हाये, गावातली काडीबी बाहेर आनाची नाई. मंग रोपं कशी आनू? म्हनून मीच जातो, पानी घालतो, येतो."

"कधीपासून?"

"वीस-बावीस रोज झाले असतील."

त्या गावातून सतरा माणसे उचलून नेली होती, हे मला पाटलांनी थोड्याच वेळापूर्वी सांगितले होते. वीस-बावीस दिवस हा म्हातारा रोज त्याच गावात जात होता, आणि तो माझ्यासाठी जात होता. मी जवळजवळ ओरडलोच, "अहो उकंडाजी, मेली असती तर मेली असती रोपं!"

ते गोंधळले. "तुमाले काय सांगतलं असतं मंग? पाच म्हनलं होतं न मी."

गाव

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला सोबत घेऊन गेले. नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. ज्याच्यासाठी ते जीव धोक्यात घालत होते तो मीच नाल्याकाठी बसून कसा राहणार? निघताना त्यांनी डिकेमालीचा खडा तेलात घोटून माझ्या पायांना, पोटऱ्यांना फासला. "या वासाले कीडाबी जोळ येत नाई," ते म्हणाले. त्या दुर्गंधीची मी नाशकात इतकी थट्टा केली होती; त्या सकाळी मी ती गुडघ्यांच्याही वर लावून मागितली.

पडक्या गावकुसातून आत शिरलो. घरांची दारे सताड उघडी, ऊन आत पडावे म्हणून छपरांवरची कवेलू, म्हणजे कौले, उतरवून भिंतीला रचलेली. भिंतींवर चुन्याचे फराटे. एका ओसरीवर जात्यात अर्धे राहिलेले दळण, पिठाला मुंग्या लागलेल्या. एका दारात लहान मुलाचे टोपडे पडले होते. उकंडाजी त्याला वळसा घालून गेले, मीही तसाच गेलो. सगळ्यात वाईट ती शांतता. आमच्या पावलांचा आवाज रिकाम्या घरांतून परत येत होता आणि दर वेळी मला वाटे, आत कुणीतरी चालते आहे.

वाडी गावाच्या उत्तर टोकाला होती. विहीर, सुकलेले वाफे, आणि कोपऱ्यात दगडांच्या चौथऱ्यावर ते झुडूप. छातीएवढे उंच. पाने तेल लावल्यासारखी चकचकीत, कोवळ्या कोंबांच्या टोकाशी मधाच्या थेंबासारखे डिंकाचे मणी. आणि फुले! आजची पांढरी, कालची पिवळी, एकाच फांदीवर शेजारी शेजारी. वास मोगऱ्यापेक्षा जड, पण गोड. मी वही काढली. पाव घटका मी कुठे आहे हे विसरलो. त्या सगळ्या प्रवासात न भिता गेलेला वेळ तेवढाच.

झुडपाच्या सावलीत पाच बोळकी मांडलेली होती. प्रत्येकात वीतभराचे रोप. उकंडाजींनी एका बोळक्यातली माती बोटाने उकरून दाखवली. माती नव्हतीच ती. तांबडा मुरूम आणि बारीक खडे.

"तुमी काळी माती घातली असन. शेनखत?"

"घातलं."

"म्हनूनच मेली. डोंगराचं लेकरू हे, काळ्या मातीत याचे पाय सडते. मुरूम द्या, गोटे द्या, उपाशी ठेवा. पानी मात्र लहानपनी रोज. एक दिवस चुकलं का गेलं."

दोन वर्षे जे कुणी मला सांगितले नव्हते ते एवढेच होते.

दुपारी उकंडाजींना ताप भरला.

तिसरा दिवस

त्यांनी स्वतःच आपली बाज उचलून लांब, वावराच्या टोकाच्या खोपटात नेली. पाटील आले, वीस पावलांवर उभे राहिले, माझ्याकडे पाहिले आणि गेले. गाठीचाच ताप, असे त्यांनी धरले होते. गिरजा मूल पाठीशी घेऊन बसून होती, रडत नव्हती. मी निंबाखाली माझ्या काखा चाचपत होतो. जांघा चाचपत होतो. पुन्हा काखा.

सकाळी ताप उतरला. लोकांना बरे वाटले, मला नाही. दादांचा तापही दुसऱ्या दिवशी उतरला होता.

तेवढ्यात नाल्यापलीकडून राघोजीची हाक आली. मी पिशवी उचलली. कुणाचा निरोप घेतला नाही, रोपांचे नाव काढले नाही. खाली मान घालून चालू लागलो. अर्धा बांध ओलांडला तेव्हा सहज मागे पाहिले. गिरजाने मूल शेजारणीच्या हाती दिले होते आणि पाण्याची घागर घेऊन ती म्हाताऱ्याच्या खोपटाकडे निघाली होती. तिच्या पोलक्याचा पुढचा भाग दुधाने ओला झालेला मला तेवढ्या अंतरावरून दिसला.

मला कसलीही मोठी गोष्ट सुचली नाही. मी राघोजीला ओरडून सांगितले, "तीन दिवसांनी ये!" त्याने कपाळावर हात मारलेला दिसला. मग मी धावत जाऊन गिरजाच्या हातातली घागर घेतली.

"तुम्ही नका येऊ आत. लेकरू आहे तुम्हाला," मी म्हणालो.

"तुमाले नाईत का लेकरं?"

"दोन मुली आहेत."

ती बाजूला झाली.

त्या खोपटाच्या दाराशी मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. आतून उकंडाजी म्हणाले, "मास्तर, पानी तिथंच ठेवा, मी घेतो." मी आत गेलो. त्यांना पाणी पाजले. मग त्यांनी विचारले,

"आज रोपं तहानली असतील न?"

भर दुपारी मी एकटा त्या गावात गेलो. पाय पुन्हा डिकेमालीने माखले होते. गावकुसातून आत आलो आणि चौकात थबकलो. समोर, कडक उन्हात, एक उंदीर होता. तो पळाला नाही. डुलत होता. चार पावले आडवा गेला, थांबला, आणि मग सरळ माझ्या दिशेने येऊ लागला. त्याला मी दिसत होतो की नाही देव जाणे. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले होते. माझ्यापासून हातभर अंतरावर तो आडवा झाला, त्याचे पाय थरथरले आणि थांबले.

मी पळालो. वाडीत शिरलो तो थेट बोळक्यांवर. एक पायाखाली फुटले, रोप मुळाशी मोडले. मी तिथे बसून लहान मुलासारखा रडलो. मग विहिरीतून पाणी काढून उरलेल्या चारांना घातले आणि परत जाताना तो चौक टाळण्यासाठी मागच्या काटेरी कुंपणातून, अंग ओरबाडून घेत बाहेर पडलो.

उकंडाजींना सांगितले. "मंग चार," ते म्हणाले.

थंडी

चौथ्या दिवशी मी सकाळीच त्याच काटेरी वाटेने जाऊन पाणी घालून आलो. दुपारी मी खोपटाच्या दाराशी बसलो होतो. उकंडाजींचे दात वाजू लागले. आधी हळू, मग बाज हलेल इतके. मी तीन घोंगड्या टाकल्या, तरी थांबेना. मी गिरजाला हाक मारली.

ती पळत आली, लांब उभी राहून पाहू लागली. "परवा बी अशीच थंडी वाजली होती का हो, मामाजी?"

"वाजली होती... याच वख्ताले."

गिरजा मटकन खाली बसली आणि हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. "मास्तर, हिवताप हाये हो हा! दिवसाआडचा! गाठीचा ताप असा सुट्टी घेऊन येत नाई!"

मीही हसू लागलो. आत म्हातारा थंडीने कुडकुडत होता आणि बाहेर आम्ही दोघे हसत होतो. घाम सुटून ताप उतरला तेव्हा मी त्यांच्या काखा, मान, जांघा पुन्हा एकदा नीट तपासल्या. गाठ नव्हती. चुलीवर निंब आणि काडेचिराइताचा काढा उकळला आणि त्या दिवशी गिरजाने माझ्या पुढ्यात भाकर ठेवताना मागे पावले टाकली नाहीत.

परत

निघायच्या दिवशी माझी दुसरी परीक्षा होती. त्या मुरुमात काय असेल, या विचाराने मी दोन दिवस बेचैन होतो. बोळकी घरी न्यायची, मुलींच्या अंगणात ठेवायची? मी उकंडाजींना स्पष्ट सांगितले, की मी रोपे नेऊ शकत नाही, मला भीती वाटते.

मला वाटले ते रागावतील. ते म्हणाले, "भ्या वाटनारच. मले काय वाटत नव्हतं?"

मग काठी टेकत ते पाटलांकडे गेले आणि रोज गावात जात होतो, हे सगळे कबूल केले. पाटील भडकले. गावासमोर त्यांना नको नको ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, "मातीचा एक खडाबी बाहेर दिसला नाई पायजे." उकंडाजींनी चारही रोपे वाडीतच मोकळी केली. मुळे विहिरीच्या पाण्याने तीनदा धुतली, निंबाच्या काढ्यातून काढली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली. उघड्या मुळांची रोपे नाशकापर्यंत जगणार नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी एकेक पान सरळ करून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

राघोजी आला होता. त्याने मला गाडीच्या मागच्या टोकाला बसवले आणि अकोल्यापर्यंत एकदाही तोंड फिरवून बोलला नाही.

पातूरला एक रोप वाळले. भुसावळला प्रवाशांना उतरवून डॉक्टर काखा तपासत होते. मी रांगेत उभा असताना छाती इतकी धडधडत होती, की त्यानेच ताप निघेल असे वाटले. तिथे दुसरे गेले. नाशकात पोहोचलो तेव्हा तिसऱ्याची पाने हाताला लागताच गळाली.

मी घरी गेलो नाही. गोदेपलीकडे ओळखीच्या माणसाच्या शेतात एक छपरी होती, तिथे दहा दिवस राहिलो. घरून डबा येई, तो लांबवर ठेवला जाई. एकदा बायको स्वतः आली, बांधावर उभी राहून म्हणाली, "झाडासाठी एवढं करतं का कुणी?" मी रोज सकाळी आधी माझी काख पाहत असे आणि मग नदीकाठचा मुरूम भरलेल्या डब्यातले ते शेवटचे रोप. त्याला चार पाने होती. सहाव्या दिवशी दोन राहिली.

अकराव्या दिवशी मी नाहून घरी गेलो. रोप परसात, दगडांच्या ढिगात लावले. वहिनी तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी त्यांना दादांच्या हाकेची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं," आणि पाने वाढू लागल्या.

पावसाळा सरता सरता वऱ्हाडातून एक कार्ड आले. मरणाची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडतात, तो फाडलेला नाही ना, हे मी आधी पाहिले, फाडलेला नव्हता. तरी वाचायचा धीर होईना, म्हणून मोठ्या मुलीला वाचायला लावले. अक्षर पाटलांचे होते. गाव घरोघर परतले होते, गिरजाचा नवरा आला होता, मूल रांगू लागले होते. खाली लिहिले होते: 'उकंडा विचारते, किती जगली आन् पानं किती. खरं लिवजा म्हंते.'

मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी परसात गेलो, खाली बसलो आणि पाने मोजली. सात होती.